फुलटोचा चोच पुसेपर्यंत

कोकणात चार दिवस राहून समुद्र न बघता परत आलेली सोलापूरची मी पहिलीच बाई असेन. आल्या आल्या शेजारच्या मालतीबाईंनी उलटतपासणी घेतली. गणपतीपुळे केलंत? नाही. पावस? नाही. निदान बंदरावर तरी गेलात? नाही हो. "मग इतकं लांब जाऊन केलंत तरी काय?" म्हटलं, "एका पक्ष्याची चोच बघून आलो." त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी मुकाट्यानं चहा टाकायला उठले. तोंडी सांगून ही गोष्ट कुणाला पटायची नाही, म्हणून बसून लिहिते आहे.

ही चोच डोक्यात घेऊन ज्यानं आयुष्य काढलं तो माझा थोरला भाऊ, दादा. त्यानं जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, मी मुलींच्या शाळेत चित्रकला. त्याची बायको गेली, मी लग्नाच्या भानगडीत पडलेच नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर आम्ही दोघं एका छपराखाली राहतो आणि सकाळच्या चहापासून भांडतो. मजेत चाललंय.

तर फुलटोचा. हा पक्षी अंगठ्याएवढा. चिमणी त्याच्यापुढे पहिलवान दिसेल. रंग म्हणाल तर मुलींची चित्रं रंगवून झाल्यावर ब्रश धुतलेलं जे पाणी उरतं ना, त्या पाण्याचा. पाठ मातकट, पोट मळकट, संपलं. आपल्याकडे बागाबागांतून दिसतो त्याची चोच फिकी, गुलाबीकडे झुकणारी. दुसरा एक आहे तो सह्याद्रीतल्या दाट, बारमाही हिरव्या रानातला. त्याची चोच काळपट आणि भुवई किंचित उजळ. एवढाच काय तो फरक. एवढ्याशा फरकापायी माणसाची झोप उडते, हे मला दादामुळे कळलं.

तरुणपणी दादा विद्यार्थ्यांची सहल घेऊन देवरूखजवळच्या एका गावात गेला होता. मे महिना होता. तिथल्या देवराईत, म्हणजे देवीच्या नावानं पिढ्यान् पिढ्या राखलेल्या रानात, त्याला काळ्या चोचीचा फुलटोचा दिसला. हा गडी आनंदानं परत आला आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत सुटला. विभागप्रमुखांनी शांतपणे चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "अहो, मे महिना. करवंदं खाल्ली असतील त्यानं!" सगळी खोली खो खो हसली. त्या आठवड्यातच पोरांनी त्याचं नाव 'करवंद सर' पाडलं, ते निवृत्तीपर्यंत टिकलं. दादा वरवर हसायचा. पण आमच्या घरात करवंदं आणायची सोय उरली नाही, यावरून काय ते ओळखा.

इतकी वर्षं सह्याद्रीतला, हिमालयातला आणि अंदमानातला असे तीन फुलटोचे एकाच जातीचे समजले जायचे. अलीकडे पक्ष्यांच्या शास्त्रात त्यांची फारकत झाली. सह्याद्रीतला आता स्वतंत्र जात ठरला. जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठे नाही असा. ही बातमी दादाला कळली त्या दिवशी तो जेवला नाही. "कुसे," मला म्हणाला, "मी बघितला तो हाच होता का गं? का खरंच करवंद?" सत्तरी उलटलेला माणूस, आणि विचारतोय कसा, तर परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा. त्याच दिवाळीत त्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डाव्यात आता राम नव्हता. "हा डोळा नवा आहे तोवर जाऊन येऊ," म्हणाला. "एकदा काय तो सोक्षमोक्ष लागू दे." म्हणून दोन हजार सातच्या माघात आम्ही निघालो.

घाटाखाली

सोलापूर ते कोल्हापूर या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बस होती, आम्ही बसलो होतो. खरी गंमत आंबा घाट उतरायला लागल्यावर. आमच्याकडे माघात रानं कशी खंगलेली दिसतात; इथे वळण घेतलं की हिरवं, पुढचं वळण घेतलं की त्याहून हिरवं. साखरप्याला चहाला उतरलो तर हवाच अंगाला चिकटायला लागली आणि कुठून तरी आंब्याच्या मोहोराचा असा घमघमाट आला की मी चहा तसाच धरून उभी राहिले. दादा तर खिडकीला नाक लावून आला होता. "अगं, हिरवा एवढा हिरवा असतो?" हे त्यानं मला घाटात निदान दहा वेळा विचारलं असेल.

ऑपरेशनपासून त्याचं हेच चाललंय. त्याला सगळं उजळ दिसतं. माझी जांभळी साडी त्याला निळी वाटते आणि वर वाद घालतो, चित्रकलेच्या बाईशी! पण रंगाच्या बाबतीत या नव्या डोळ्यावर त्याचा स्वतःचाच भरवसा नव्हता. "चोचीचा रंग तू सांगायचास," असं त्यानं मला घाटातच बजावलं. "आणि हे बघ, माझं मन राखायला काहीबाही सांगितलंस तर याद राख." म्हटलं, "तुझं मन राखायचा धंदा मी कधी केलाय?" त्यावर तो समाधानानं झोपला.

देवरूखच्या स्टँडवर आप्पा घ्यायला आले होते. त्या जुन्या सहलीतली पोरं ज्यांच्या पडवीत झोपली होती, त्यांचे हे चिरंजीव. आता स्वतःच साठीला टेकलेले. हापूसची बाग आहे, तालुक्याला कुठल्याशा सोसायटीवर आहेत. कोकणी माणूस पाहुण्याचं स्वागत कसं करतो ते ऐका.

"आलात?"

"आलो," दादा म्हणाला.

"पाखरू बघायला?"

"हो."

"सोलापुरात पाखरं नाहीत?"

"आहेत. पण त्यांच्या चोची फिक्या."

आप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं. हे खरंच एवढ्यासाठी आलेत का, असा प्रश्न होता तो. मी मान हलवली. "बरं," ते म्हणाले, "बसा गाडीत. घावन गरम आहेत तोवर पोचू."

घरी आप्पांच्या पत्नी, वहिनी, यांनी घावन आणि काळ्या वाटाण्याची आमटी पुढे केली. अंगणात सारवण, भोवती जांभ्या दगडाचा गडगा, आणि चार माणसांच्या जेवणात नारळ किती, तर आमच्याकडे वर्षाकाठी लागतो तेवढा. मी भेट म्हणून आमची शेंगाची चटणी नेली होती. वहिनींनी बोटावर घेऊन चाखली, डोळ्यांत पाणी आलं, पण बोलल्या काही नाहीत. दुसऱ्या दिवशी ताटात बघते तर चटणीत मूठभर ओलं खोबरं! "एवढी सुकी कशी हो खाता?" म्हणाल्या. "घशात अडकायची एखाद दिवशी." दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सोलापूरच्या चटणीत खोबरं म्हणजे काय, हे सोलापूरकरालाच कळेल. पण खरं सांगू? बरी लागली. घरी आल्यावर मी एकदा चोरून करून बघितली.

आप्पांची बाग

फुलटोचा आणि बांडगूळ यांची जन्माची गाठ आहे. बांडगूळ म्हणजे दुसऱ्या झाडाच्या फांदीवर उगवून त्याचाच रस पिणारं झाड. त्याची फळं हा पक्षी खातो, आणि बी इतकं चिकट असतं की पोटातून बाहेर पडतानाही सुटत नाही. मग स्वारी फांदीवर बूड घासते, चोच घासते, आणि बी तिथेच चिकटून नवं बांडगूळ उगवतं. म्हणजे दादाच्या भाषेत हा एक सुंदर सहवास. आप्पांच्या भाषेत दरोडा.

"तुमचा हा पाहुणा ना, आमचा वैरी," लांब बांबूला बांधलेली कोयती खांद्यावर टाकत आप्पा म्हणाले. "मी खाली एक बांडगूळ तोडतो, हा वर दोन लावून जातो. आणि तुम्ही त्याला बघायला एस्टीचं भाडं खर्चून येता."

"मी याला नाही, याच्या भावाला बघायला आलोय," दादा म्हणाला.

"भाऊ काय, वेगळा निघणार आहे होय?"

दादाला हेच तर जाणून घ्यायचं होतं. त्यानं एक पिकलेलं फळ तोडून बोटांनी दाबून बघितलं. मास्तरकी जात नाही ना! त्याचा तो चिकट गर बोटांना लागला, बोटं चष्म्याला लागली, चष्मा कानापाशी केसांना. मग वहिनींनी खोबरेल आणलं आणि आम्ही दोघींनी मिळून एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाला चष्म्यापासून सोडवलं. आप्पा गडग्यावर बसून इतके हसले की त्यांना उचकी लागली.

आणि त्या गडबडीतच, एका जुन्या कलमाच्या बांडगुळावर, तो येऊन बसला. मी दुर्बीण लावली. चोच काळी! "दादा, काळी आहे," मी म्हटलं. दादा जागचा हलला नाही. "थांब," एवढंच म्हणाला. "खातोय ना? पुसू दे आधी."

पुसेपर्यंत थांबायचं ही दादाची शिस्त. फळाचा रस, पानावरची काजळी, काही ना काही चोचीला लागतंच. स्टाफरूममधल्या त्या एका हास्यानं त्याला हे शिकवलं होतं. पक्ष्यानं दुसरं फळ सोलून गिळलं, इकडे तिकडे बघितलं, आणि मग न्हाव्यानं पट्ट्यावर वस्तरा घासावा तशी चोच फांदीवर घासली. या बाजूनं, त्या बाजूनं. वर केली तेव्हा स्वच्छ होती.

गुलाबी होती.

मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. काढली असती तर दादाच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. पण घाटात सांगितलेलं होतं, आणि खोटं बोलायचं तर इतक्या लांब यायचं कशाला? "फिकी आहे, दादा. गुलाबी. आपल्याकडचाच."

"बरं," तो म्हणाला. चष्मा पुसत बसला, तो आधीच पुसलेला होता. दुपारी कुयरीची भाजी होती, कोवळ्या फणसाची, जी खाऊन मी नंतर दोन दिवस तिचं गुणगान गात होते. दादानं ती खाल्ली की भात खाल्ला हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. संध्याकाळी पडवीत मला म्हणाला, "तेव्हाही असंच झालं असेल. मी पुसेपर्यंत थांबलो नव्हतो गं. तो उडाला."

इतकी वर्षं त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, "उद्या देवराईत जाऊ. ही बाग आहे, ते रान आहे. इथे नाही म्हणजे तिथे नाही असं थोडंच आहे?" आणि उगाच ओरडले त्याच्यावर की गार वाऱ्यात मफलर न घेता काय बसलायस.

कौल

देवराईच्या तोंडाशी देवीचं कौलारू देऊळ आहे. तिथले पुजारी बाबू गुरव, पन्नाशीचे, अंगानं काटक. आप्पांनी आम्ही कशाला आलो ते सांगितलं. बाबूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आत जायाला माझी ना नाय. पन भायेरचा मानूस देवीला इचारल्याशिवाय आत जात नाय. कौल लावूया."

कौल म्हणजे देवाला विचारणं. गुरव मूर्तीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे पाण्यानं फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्याकडे सिद्धेश्वरापुढे हात जोडायचे, मागायचं ते मनात मागायचं आणि घरी जायचं. इथे तसं नाही, इथे देवाची तोंडी परीक्षाच घेतात. किंवा देव आपली घेतो.

दादा देवाधर्मातला नाही. वडील गेल्यापासून त्यानं कुठल्या देवापुढे हात जोडलेले मी बघितले नव्हते. पण तो गप्प उभा राहिला. अडचण निघाली ती वेगळीच.

"देवीला सांगू काय?" बाबू म्हणाले. "पाखराचा नाव काय, कुनातला हाय, ता सांगाया लागंल. नायतर ती कुटला पाखरू समजंल?"

"फुलटोचा," दादा म्हणाला.

"आमी अशा बारक्याला पाखरूच बोलतो."

मग दादानं समजावून द्यायला घेतलं. पूर्वी एकच जात मानत, मग निरीक्षणं झाली, आवाज तपासले, पिसं मोजली; बाबूंच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. शेवटी आप्पा पुढे झाले.

"अरे बाबू, तीन भाऊ. एक हिमालयात, एक अंदमानात, एक आपल्याकडे. इतके दिवस कागदावर एकत्र कुटुंब. आता वाटणी झाली, चुली वेगळ्या झाल्या. आपल्याकडच्या भावाला भेटायला आलेत हे."

"मग असा सरळ बोला ना!" बाबूंचा चेहरा उजळला. "भांडान करून वेगळे झाले काय?"

"नाही हो," दादा म्हणाला. "लाखो वर्षांत एकमेकांची तोंडं बघितलेली नाहीत."

"म्हनून निभावला," आप्पा बाबूंच्या सुरात म्हणाले. त्यांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची बाग नुकतीच वाटली गेली होती हे मला वहिनींकडून कळलं होतं.

बाबूंनी गाऱ्हाणं घातलं. "बाय माझे आये, सोलापूरची तुजी दोन लेकरां दारात उबी हायत." लेकरं! एक बहात्तरचं, एक सहासष्टचं. "वाटनी होऊन वेगळा झालेला आपल्या रानातला पाखरू बगायला आली हायत. पान तोडनार नाय, फूल तोडनार नाय. दुर्बीन लावून बगतील नि माघारी जातील. तुजा हुकूम आसंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे."

"व्हय म्हाराजा!" आप्पा म्हणाले. मीही म्हटलं. का कोण जाणे, मला अगदी मनापासून ती उजवी पाहिजे होती.

आम्ही बघत राहिलो. बाहेर कुठे तरी भारद्वाज हुंकारत होता. डावी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

दादाचा चेहरा पडला. "मी काही मारायला नाही आलोय त्याला," तो पुटपुटला. देवीवर विश्वास नसलेला माणूस देवीवर रागावलेला मी पहिल्यांदा बघितला. मला तर रडूच यायचं बाकी होतं. पण बाबू अगदी शांत. "नको बोलली," ते म्हणाले. "पन कशाला नको बोलली ता बगायला नको?" त्यांनी पाकळ्या पुन्हा लावल्या. आता प्रश्न बदलला: दुर्बीण बाहेर ठेवून, नुसत्या डोळ्यांनी बघायला गेली तर?

या वेळी खूप वेळ लागला. माझी मान दुखायला लागली. मग उजवी पडली.

"झाला," बाबू म्हणाले. "जावा. चपला नि ती दुर्बीन हितंच."

मी दादाकडे बघितलं. अंगठ्याएवढा पक्षी, त्याची मूगडाळीएवढी चोच, दाट रान, आणि बघणार एका डोळ्याचा म्हातारा नि त्याची म्हातारी बहीण. यापेक्षा डावी बरी होती! बाबू पाठमोरे झाल्यावर आप्पा हळूच म्हणाले, "पिशवीत टाका हो. आत कोण बघतंय?" मी तर पिशवीचं तोंड उघडलंसुद्धा.

"नको," दादा म्हणाला. "ऐकायचं नव्हतं तर विचारायचंच नव्हतं." त्यानं गळ्यातली दुर्बीण काढली, पट्टा नीट गुंडाळला आणि देवळाच्या पायरीवर ठेवली. आप्पा ओशाळून हसले. मी पिशवीचं तोंड बंद केलं आणि त्या वेळी मला माझ्या भावाचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

आत

देवराईत अनवाणी पाय टाकला की पहिल्यांदा कळतो तो गारवा. बाहेर दुपार तापायला लागलेली आणि आत पायाखालचा पाचोळा खालून ओला. वेली माणसाच्या मांडीएवढ्या. काटकीसुद्धा कुणी सरपणाला उचलत नाही, पडलेलं झाड पडल्या जागी कुजतं. आमच्याकडे असं रान एक आठवडा टिकलं नसतं, सकाळीच कुणी तरी कुऱ्हाड घेऊन आलं असतं.

आप्पा आणि बाबू बाहेर थांबले. आम्ही दोघं हळूहळू चढून गेलो आणि एका उतारावर बसलो. ही अक्कल दादाची. उतारावर बसलं की खालच्या झाडाचा शेंडा आपल्या डोळ्यांसमोर येतो. मान वर करून आकाशात शोधावं लागत नाही. समोर अशाच एका झाडाच्या शेंड्याला बांडगूळ लगडलेलं होतं. फार लांब नाही, आप्पांच्या पडवीच्या या टोकापासून त्या टोकाएवढं.

बराच वेळ काहीच दिसलं नाही. नुसतं हिरवं. देवीनं आपली चांगलीच जिरवली, असं मला वाटायला लागलं. पायाला मुंग्या चावत होत्या, पाठ अवघडली होती, आणि दादा बोलू देत नव्हता. पण मग एक गंमत झाली. आम्ही हलत नाही म्हटल्यावर रानानं आम्हाला हिशेबातून काढून टाकलं. एक खार माझ्या पदरावरून गेली. बुलबुल शेजारच्या झुडपात येऊन भांडायला लागले. दुर्बीण असती तर आम्ही ती रोखून इकडून तिकडे धावत राहिलो असतो, नाही का? दादाच्या चेहऱ्यावरचा कालचा ताण हळूहळू उतरला. माझ्याकडे बघून तो चक्क हसला.

आणि बारीक टिक टिक ऐकू आली.

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बांडगुळाच्या शेंड्याला मातकट असं काही हललं. होता. अगदी समोर. फळ चोचीत धरून त्यानं गोल फिरवलं, साल टाकली, गर गिळला. चोच काळी दिसत होती. पण कालचं गुलाबी माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

"दिसतोय," दादा ओठांतल्या ओठांत म्हणाला. "चोच काळी दिसते. पण माझ्या डोळ्याचं खरं नाही. तू बघ. पुसू दे."

पक्ष्यानं आणखी एक फळ खाल्लं. अरे पुस की मेल्या, मी मनात म्हटलं. तो उडाला. पण गेला तो वीतभर पलीकडच्या फांदीवर, आमच्याच बाजूच्या. तिथे त्यानं आधी बूड घासलं, बी चिकटवून दिलं, दोन पावलं सरकला आणि मग चोच पुसली. उजवीकडून. डावीकडून. पुन्हा उजवीकडून. असा स्वच्छतेचा भोक्ता मी दुसरा बघितला नाही. मग मान वर करून उन्हाच्या कवडशात बसला.

रंग ओळखणं हा माझा जन्माचा धंदा. तो रंग काळा नव्हता, करडाही नव्हता. दगडी पाटी ओल्या फडक्यानं पुसली की ती वाळायच्या आधी जशी दिसते, तसा. आणि डोळ्यावर भुवईची फिकट रेघ.

"दादा," मी म्हटलं, "पाटीचा रंग आहे. पुसल्यावर. भुवई उजळ आहे."

"नक्की?"

"काल गुलाबी होती तर गुलाबी सांगितली ना? आज काळी आहे."

पक्षी गेला, मादीच्या की फळाच्या मागे कोण जाणे. पुन्हा आला, पुन्हा खाल्लं, पुन्हा पुसली, आणि पुन्हा काळीच राहिली. दादा बघत होता. नव्या डोळ्यातूनही पाणी येत होतं आणि जुन्यातूनही. आम्ही भावंडं हात धरणाऱ्यांतली नाही, पण त्यानं माझा हात धरला होता.

"हे कुठे छापून येणार नाही," थोड्या वेळानं तो म्हणाला. "फोटो नाही, दुर्बीण नाही. एका डोळ्याचा म्हातारा आणि एक चित्रकलेची बाई. नोंद म्हणून याला काडीची किंमत नाही." मग हसला. आणि लगेच त्याचा चेहरा बदलला. "आणि ज्यांना ज्यांना सांगायचं होतं, ते सगळे केव्हाच गेले गं कुसे. आता सांगू कुणाला?"

गुडघे धरून उठलो आणि खाली आलो.

आप्पा घरी पुढे गेले होते. बाबू गुरव पायरीवर दुर्बिणीशेजारी तिची राखण करत बसले होते. "दिसला काय?" त्यांनी विचारलं.

दादा चपला न घालताच त्यांच्याशेजारी बसला आणि सांगायला लागला. अगदी पहिल्यापासून. ती सहल, तो मे महिना, तो उडून गेलेला पक्षी, स्टाफरूम, चहाचा घोट, करवंदं, सगळ्यांचं हसणं, पोरांनी पाडलेलं नाव. मग कालची बाग, मग आजचं रान. बाबू सुपारी चघळत ऐकत होते.

"म्हंजे तेवा दिसला तो पन ह्योच," सगळं संपल्यावर ते म्हणाले.

"हो."

"नि ती मानसां तुमाला हासली."

"हसली."

बाबूंनी सुपारी थुंकली. "मंग सर, तुमचाच खरा होता की."

"काय म्हणालात?" दादानं विचारलं.

बाबूंचा आवाज खणखणीत आहे आणि दादा त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. त्याला पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आलं होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

"तुमचाच खरा होता!" बाबू पुन्हा म्हणाले, या वेळी चांगलं मोठ्यानं.